एकशे अठ्ठावन्नावा तास

पाद्रीसर माणसं मोजायचे. भिलाईतल्या आमच्या छोट्या कॉलेजचे ते प्राचार्य, आणि रविवारी चर्चमध्ये पाद्री. दोन्हीकडे आधी बोट फिरायचं, मग तोंड उघडायचं. "एकेचाळीस. काल त्रेचाळीस होते. दोघं कुठी गेले?" मूळचे अमरावतीकडचे, म्हणून आम्हा मराठी पोरांना ते घरचे वाटायचे. ते म्हणायचे, "मराठी आहे म्हणून तुले दोनदा मोजतो."

विद्यार्थ्याला स्वतःच्या स्कूटरवर दवाखान्यात नेणारा दुसरा प्राचार्य मी पाहिला नाही, हेही लिहिलं पाहिजे. शेवटच्या वर्षी वर्गात एक मुलगा कोसळला. सर त्याला घेऊन निघाले आणि मला म्हणाले, "तू कुरुदले जा, याच्या आईले घेऊन ये." कुरुद तेव्हा खेडं होतं. सायकलवर डबलसीट मी तिला दवाखान्यात पोचवलं. माझा एक तास बुडाला.

परीक्षेआधी हजेरी लागली. दोनशे दहा तासांपैकी माझे एकशे सत्तावन्न, म्हणजे ७४.७६ टक्के. पंचाहत्तर लागत होते. मी त्यांच्या खोलीत गेलो.

"सर, तुम्हीच पाठवलं होतं मले."

"मीच पाठवलं. पण तू वर्गात होता का?"

"नव्हतो."

"मग होता कसं लिहू? पाद्र्याले खोटं लिहायले सांगतं का?"

परीक्षेला बसता आलं नाही, वर्ष गेलं. त्याच वर्षी स्टील प्लांटची भरती निघाली, सोबतचे लागले. बाबा प्लांटमधून रिटायर झाले; मी नोकरीत नव्हतो, म्हणून आम्हाला कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं. मी तीन वर्षांनी लागलो. शेवटच्या बाकावरचा एकजण आजही माझा साहेब आहे.

नोकरी लागली तेव्हाच सूड ठरवला. दर वर्षी निकालाच्या दिवशी त्यांच्या घरी जायचं आणि एकच विचारायचं: "सर, त्या दिवशी मी कुठे होतो?" एकोणीस वर्षं गेलो. ते निवृत्त होऊन वैशाली नगरात आले, तिथेही गेलो. बायको म्हणायची, "किती छळता म्हाताऱ्याला!" सर स्वतः चहा करायचे, बशीत बिस्किटं मांडायचे आणि सांगायचे, "वर्गात नव्हता." निकालाच्या दिवशी ते दुसऱ्या कुणाला घरी बोलवत नसत, हे मला माहीत होतं. त्याने माझा राग कमी झाला नाही.

विसाव्या खेपेला ते खाटेवर होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "कुरुदले होता तू, माझ्या कामाले. तो तास धरायले पाहिजे होता. चुकलं माझं."

एवढ्याच वाक्यासाठी मी येत होतो. पण क्वार्टरमधून कपाट बाहेर काढताना उंबऱ्यावर बसून राहिलेले बाबा मला दिसले.

"माफ केलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

ते हसले. "बरं. पुढच्या साली ये मंग."

पावसाळा सरायच्या आत ते गेले. दफनाच्या वेळी सगळ्यांसोबत मूठभर माती मीही टाकली. माफ केलेलं नाही; ते पुढच्या साली बघायचं ठरलं होतं.