दोरावरचा हात

लटारूचा उजवा खांदा दिवाळीतच कामातून गेला, पण सांगेल तर तो लटारू कसला! वैनगंगेच्या घाटावर भरल्या पाण्यातून डोंगा दोरानं ओढून आणायची लोखंडी चरखी तीस वर्षं त्यानंच फिरवलेली. खांदा गेला म्हटलं की घाटही गेला. म्हणून पठ्ठ्यानं सुतारकाम करणाऱ्या जावयाची बॅटरीवरची ड्रिल मशीन आणली, चरखीच्या दांड्याला जोडली आणि गावाला सांगितलं, "नवा जमाना हाय, बाप्पा!"

घाटाची जुनी रीत म्हणजे एक हात चरखीवर, दुसरा तळवा दोरावर. पाण्यात काय चाललंय ते दोर सांगतो. पण ही मशीन मनगटाला असा हिसका देते की दोन्ही हात तिलाच लागतात.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी वरच्या धरणाचं पाणी सुटलं. डोंग्यात त्याची बायको शकुबाई आणि चार बाया, अगदी मधोमध. लटारूनं खटका दाबला. घर्रर्र करत मशीन कण्हायला लागली. "मेली, बॅटरी उतरली का काय!" त्यानं आणखी रेटली. डोंगा पुढं सरकेना, उलट एका अंगानं कलला.

"दोराले हात लावा ना!" शकुबाई नदीतून ओरडली. "काऊन वढून राह्यले आंधळ्यावानी?"

त्यानं मशीन टाकून तळवा दोरावर ठेवला. दोर थरथरत होता, एक पेड तुटलेला. वाहून आलेला बुंधा दोरात अडकला होता आणि हा बाबा त्यालाच ओढत बसला होता! आता दोर सैल सोडायचा, म्हणजे बायकोसकट डोंगा धारेत सोडायचा. दुसरा उपायच नव्हता. दात आवळून त्यानं चरखीची अडकण काढली. दोर सरसरत सुटला, तळव्याची सालटी निघाली. डोंगा गिरकी खाऊन खाली वाहवला, बाया किंचाळल्या. सैल दोर पाण्यात बुडाला आणि बुंधा त्याच्यावरून निघून गेला. लटारूनं झटकन अडकण बसवली.

"पुनम, मशीन धर!" तो काठावरच्या लेकीवर खेकसला. स्वतः रक्ताळला तळवा दोरावर ठेवून सांगत राहिला, "चाल... थांब... हं, चाल."

डोंगा काठाला लागला. शकुबाईनं पदराची चिंधी फाडून त्याचा हात बांधला.

"खांद्याचं मले दिवाळीपासून माईत हाय. झोपेत कण्हता तुमी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी सांगान म्हणून वाट पाहून राह्यली होती."

लटारूनं मशीन उचलून तिच्या हातात दिली आणि बांधलेला तळवा दोरावर ठेवला.