नवतप्यातली सायकल

परीक्षा आटोपल्या, होस्टेलं रिकामी झाली, की आमच्या नागपुरात कॉलेजांच्या बाजूच्या लोकांना करमेनासं व्हायचं. मग ते उन्हाळी मेळावा भरवायचे. कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी पाणी शिंपडायचं, सतरंज्या टाकायच्या आणि महिनाभर काही ना काही चालू ठेवायचं. एक दिवस व्याख्यान, एक दिवस गाणं, मुलांची कबड्डी, बायकांची रांगोळी, शेवटी एखादं नाटक. वाळ्याचं सरबत फुकट. आम्ही विणकरांच्या वस्तीतल्या बाया, आमचं घर तिथून चांगलंच लांब. पण लाउडस्पीकर लागला की आम्ही पायी निघायचो आणि सतरंजीच्या मागे मातीत बसायचो. सतरंजीवर बसू नका असं कोणी म्हटलं नव्हतं. आम्हीच बसत नसू. मला ते सगळं फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

राजधानी मुंबईला गेली तसे साहेब लोक बंगले सोडून गेले आणि मेळाव्याची गर्दी ओसरली. म्हणून त्या वर्षी मंडळींनी ठरवलं, लोक धावत येतील असं काही करू. त्या काळी गावोगाव नॉनस्टॉप सायकलचा खेळ चालायचा. मैदानात चुन्याने गोल आखायचा आणि त्यात एका माणसाने सात दिवस, सात रात्री सायकल चालवायची. खाणं, दाढी, आंघोळ, कपडे बदलणं, सगळं सायकलवर. पाय जमिनीला टेकला की खेळ संपला. हा खेळ करत फिरणारा एक माणूस त्यांनी ठरवला, भिंतीभिंतींवर पोस्टरं लावली, आणि ऐन वेळेला त्या माणसाचा निरोप आला की टायफॉइड झाला, येत नाही. मंडळींची अब्रू जायची पाळी आली.

तेव्हा त्यांना आमचे हे आठवले. हे म्हणजे माझे यजमान. लग्नाला दोन वर्षं झाली होती. घरात खड्डामाग होता, म्हणजे जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं आणि विणायचं. पण सूत वेळेवर मिळेना, मिलच्या कापडापुढे आमची लुगडी खपेनात, माग आठवड्यातले अर्धे दिवस उगीच उभा असायचा. विणलेला माल हे सायकलवर इतवारीच्या बाजारात नेऊन द्यायचे, आणि परत येताना रिकाम्या सायकलवर नाना चाळे करायचे. हात सोडून चालवायची, उलटं बसून चालवायची, जमिनीवरचा रुमाल दातांनी उचलायचा. मेळाव्याचे चिटणीस कॉलेजात प्रोफेसर होते. त्यांनी ते कधीतरी पाहिलं होतं. त्यांनी बोलावून सांगितलं, सात दिवस पुरे कर, शेवटच्या संध्याकाळी पाहुण्यांसमोर तुला कॉलेजात चपराशी म्हणून कायमचं लावून घेतल्याचं जाहीर करतो.

हे घरी आले ते नाचतच. कॉलेजची घंटा वाजवायची, कागद इकडून तिकडे न्यायचे आणि पहिल्या तारखेला पगार. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मी म्हटलं, नवतपा लागतोय. मे महिन्याच्या शेवटी शेवटी येणारे ते नऊ दिवस आमच्याकडे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि तुम्ही उघड्या मैदानात सायकल फिरवणार? तर म्हणाले, नवतपा येते अन् जाते, नोकरी एकदाच येते. मलाही ती नोकरी हवीच होती.

पहिले दोन दिवस म्हणजे नुसती जत्रा. न्हावी बाजूने धावत धावत ह्यांची दाढी करतोय, हे डोक्यावर घागर ओतून घेतायत, एका हाताने पोळी खातायत, पोरं टाळ्या पिटतायत. लाउडस्पीकरवर गाणी, मध्ये मध्ये ह्यांच्या नावाचा पुकारा, आणि सगळं मैदान मिळून तेच नाव ओरडायचं. मला सायकलवाल्याची बायको म्हणून पुढे बोलावून सतरंजीवर बसवलं. प्रोफेसरीणबाईंनी स्वतः सरबताचा पेला हातात दिला. मी अशी फुगले होते की विचारू नका.

गंमत अशी की सारं शहर ते नाव घेत होतं आणि मी एकटी घेत नव्हते. आमच्यात बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचं आयुष्य घटतं. मी ते एकदाच घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही चौघींनी ढोसल्यावर. आमच्या शेजारणीच्या नवऱ्याचं नाव वारावरून ठेवलेलं, तर ती बिचारी 'मंगळवारानंतरचा दिवस' म्हणायची. आम्ही हसायचो तिला. पण आपल्यावर आलं की आम्हीही तशाच.

आता एक गोष्ट सांगते, जी तिथे सगळ्यांनी पाहिली आणि कोणाच्या लक्षात आली नाही. सायकलवर लघवीला जायचं कसं? तर दोन पोरं धोतराचा पडदा धरून सायकलच्या बाजूने धावायची. पडदा निघाला की टारगट पोरं शिट्ट्या मारायची, आणि पुढच्या रांगेतल्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. आमचे हे म्हणजे घरातसुद्धा बाईमाणूस अंगणात असलं तर उघड्या अंगाने न येणारे. त्यांनी काय करावं? त्यांनी पाणी पिणंच सोडलं. म्हणजे लोटा घ्यायचे, ओठाला लावायचे, चूळ भरायचे आणि थुंकायचे. मी दिलेला लोटा जवळजवळ तसाच परत यायचा. बघणाऱ्याला वाटायचं, माणूस चांगला पाणी पितोय.

तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं. मी प्रोफेसर साहेबांना गाठून सांगितलं की दुपारी तरी बायांना येऊ देऊ नका, शिट्ट्या बंद करा, नाहीतर हा माणूस वाळून जाईल. ते शांतपणे ऐकून म्हणाले, बाई, खेळ म्हटला की थोडं असं चालायचंच. आणि माझ्या हातात पुन्हा सरबताचा पेला. माणूस भला होता. आवाज चढवला नाही, हाकललं नाही. त्या भल्या माणसाचा मला आजही संताप येतो.

पाचव्या दिवसापासून ह्यांचे डोळे आत गेले. बोलणं तुटलं. रात्री झोप येऊ नये म्हणून मंडळी काळा चहा पाजायची, तोही हे नको म्हणू लागले. ऊन लागू नये म्हणून टोपीत कांदा ठेवला होता, तळपायांना कांदा चोळायचा तर पाय पेडलवर. मी सासूबाईंना म्हटलं, पुरे झालं, उतरवू त्यांना. त्या म्हणाल्या, दोन दिवसांसाठी पोराचं नशीब मातीत घालतेस का. त्या काही दुष्ट नव्हत्या. उपाशी दिवस काढलेली बाई, त्यांना नोकरी डोळ्यांसमोर दिसत होती.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी कैरीचं पन्हं घेऊन गेलो. मंडपाचं कापड वाऱ्याने फडफडत होतं. मंडळी वाळ्याच्या ताट्यांआड पेंगत होती. संध्याकाळी मोठे पाहुणे यायचे म्हणून पोरं पताका बांधत होती, आणि लोक आतापासूनच जागा धरून बसले होते. मी गोलाभोवतीच्या दोरीखालून आत गेले आणि सायकलच्या बाजूने चालत पेला पुढे केला. हात पुढे आला नाही. मी त्यांच्या मनगटाला हात लावला. कातडी कोरडी ठाक होती आणि चुलीवरच्या तव्यासारखी तापलेली. त्या उन्हात माझ्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या आणि ह्यांच्या अंगावर थेंब नव्हता. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की घाम थांबला की माणूस हातचा जातो.

मी पताका बांधणाऱ्या पोराला म्हटलं, थांबवा. तो म्हणाला, बाई, आता संध्याकाळच काय ती राहिली. सासूबाई दोरीपलीकडून तेच म्हणाल्या. मी ह्यांना म्हटलं, अहो. मग म्हटलं, आइका ना जी, उतरा. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं ते खांबाकडे पाहावं तसं. सायकल डगमगत होती. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी ह्यांचं नाव घेऊन ओरडलं, आणि पाय एकदम पेडलवर दाबला गेला. पुन्हा ओरडलं, पुन्हा पाय. तेव्हा मला कळलं. आता ह्यांना 'अहो' ऐकू येत नव्हतं, मी दिसत नव्हते. फक्त नाव पोचत होतं.

मी नाव घेतलं. घसा फाडून घेतलं.

"पाय टेक," मी म्हटलं. "पाय टेक खाली."

जी नाही, अहो नाही, सरळ अरेतुरे. आणि हे सायकल थांबवून, शहाण्या पोरासारखे डावा पाय जमिनीवर ठेवून उभे राहिले. क्षणभर नुसते उभे होते. मग सायकलीसकट आडवे झाले.

मैदानात शिट्ट्या सुरू झाल्या. बायकोनं पाडलं, बायकोनं पाडलं. सरबताचा बर्फ आणून मी ह्यांच्या डोक्यावर, काखेत, मानेवर ठेवला. टांगा मिळेपर्यंत सासूबाई माझ्या शेजारी उभ्या राहून एकच म्हणत होत्या.

"तुनं त्याचं नाव घेतलं वं. भर मैदानात नाव घेतलं."

हे वाचले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर वाचले नसते. डॉक्टरांचं ते बोलणं मी सगळ्यांना सांगितलं, कोणी ऐकून घेतलं नाही. प्रोफेसर साहेब दवाखान्यात संत्री घेऊन आले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. पण नियम म्हणजे नियम, पाय तर टेकला ना, मंडळींपुढे माझाही इलाज नाही, असं म्हणाले. चपराश्याच्या जागेवर दुसराच कोणी लागला. पुढच्या उन्हाळ्यात मेळावा पुन्हा भरला. वारा आमच्या बाजूचा असला की लाउडस्पीकर घरात ऐकू यायचा.

हे वाचले, पण माणूस पुरा परत आला नाही. हात थरथरायचा, मागाचा धोटा धरता यायचा नाही. चालताना झोक जायचा, लोकांना वाटायचं प्यायलेत. जीभ जड झाली. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, कारण तिथे गार लागायचं, आणि कुठेतरी बघत राहायचे. 'अहो' म्हटलं तर मान वळायची नाही. सासूबाई लाडाने 'बापू' म्हणायच्या, त्यालाही नाही. नाव घेतलं की मात्र वळायचे. मग काय करणार? जेवायला, आंघोळीला, औषधाला, दिवसातून दहा वेळा मी ते नाव घ्यायची, आणि मोठ्याने, कारण हळू घेतलं तर पोचायचं नाही. सगळी गल्ली ऐकायची. बायांनी मला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. नवी सून आली की तिला माझ्या दारापुढून लवकर न्यायच्या. सासूबाई मरेपर्यंत कोणी विचारलं की सांगायच्या, माह्या पोराले ऊन नाही लागलं, नाव लागलं. कोणी म्हणजे कोणी त्या न प्यायलेल्या पाण्याच्या लोट्याचा विषय काढला नाही, त्या शिट्ट्यांचा काढला नाही. मी सातवी पास होते, म्हणून वस्तीतल्या शाळेत पोरांना शिकवायला लागले, आणि त्यावर आमचं चाललं.

आयुष्य घटतं म्हणतात ना? मी रोज ते नाव घेत राहिले आणि हे जगत राहिले. कसं जगत राहिले ते मीच पाहिलं. कधी कधी रात्रभर मनात यायचं, त्या दिवशी हाक मारली नसती तर माणूस सुटला असता. आणि मग स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटायची.

असाच एक उन्हाळा होता. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडून मी ह्यांना भात भरवत होते. लांबून मेळाव्याची गाणी येत होती. ह्यांनी मान वर केली, ऐकलं. किती दिवसांत पुरं वाक्य बोलले नव्हते. जीभ अडखळत होती, मी घाई केली नाही.

"सारे चालव चालव म्हणत होते," ते म्हणाले. "उतर म्हणणारं कोणी नोहतं."

मी म्हटलं, हो.

"तू आवाज देला तं उतरलो ना मी. पयले काहून नाही देला वं?"

मी घास तसाच हातात धरून बसले. गाणं संपलं, दुसरं लागलं. मग त्यांनी तोंड उघडलं, म्हणून भरवला.