भर दुपारचा विरह

"उजेड काय विकत आणलाय व्हय? घ्या की!" असं म्हणून मामा चंदेरी रिफ्लेक्टर वर धरायचे आणि ऊन थेट हिरॉइनच्या तोंडावर मारायचे. ती बिचारी डोळे मिचकावायची, मी तासभर खपून केलेला मेकअप चकाकायचा, आणि मामा समाधानाने मान डोलवायचे.

माझं नगरला सावेडीत पार्लर आहे. नगर जिल्ह्यात मोबाईलवर टाकायला जी गाणी शूट होतात, त्यांतल्या पोरींना रंगवायला मी जाते. मामा तिथे लाइटमन. मूळचे अकोले तालुक्यातल्या डोंगरातले. लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

ही गाणी तुम्हीही पाहिली असतील. प्रेम जमलं की सगळीकडे ऊन, धरणाचं पाणी, पिवळी साडी. ताटातूट झाली की मिट्ट काळोख, एक पणती आणि खिडकीत बसलेली ती. जणू तो जाताना घराचा मीटरच काढून घेऊन गेला! मला त्यात काही वावगं वाटत नसे. मामांना मात्र अशा शूटचा राग यायचा. काळे पडदे लावता लावता पुटपुटायचे, "माणूस जायला अंधार कशाला लागतो?"

एकदा डबा खाताना मी त्यांना छेडलं, "मामा, तुम्हाला हो काय कळतंय विरहातलं?"

"माझी बायको भर दुपारी गेली, ताई," भाकरी मोडत ते म्हणाले. "टळटळीत ऊन हुतं. जीपच्या मागच्या शिटावर बसली. पार वळणापर्यंत तिची पाठ दिसली मला. अंधार असता तर बरं झालं असतं."

दोघांत काय बिनसलं ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं की ती भावाकडे राहते, यांचा फोन घेत नाही, पण मोबाईलवर गाणी बघायचा तिला भारी नाद. "माझी समदी गाणी बघते म्हनं. भाचा सांगतो." मग म्हणाले, "जाताना तिनं वळून बघितलंच न्हाई. तिला वाटत आसंल, मी आत निघून गेलो. मी दारातच उभा हुतो, ताई. तेवढं तिला कळाया पायजे."

पुढे भंडारदऱ्याकडे एका विरहगीताचं शूट निघालं. ऐन वेळी जनरेटर बंद पडला. आता गंमत बघा, काळोख दाखवायलासुद्धा दिवे लागतात. डायरेक्टर डोक्याला हात लावून बसला. मामा पुढे झाले.

"साहेब, दुपारीच जाऊ द्या की तिला. जीपनं."

दुसरा इलाजच नव्हता. मामांनी सगळं स्वतः जमवून आणलं. हिरॉइनला मागच्या सीटवर बसवलं, वळून बघायचं नाही असं बजावलं. हिरोला घराच्या दारात उभं केलं, त्याच्या तोंडावर ऊन येतंय का ते बघितलं. जीप निघाली तसा मामांच्या हातातल्या रिफ्लेक्टरचा कवडसा तिच्या मागच्या काचेवर जाऊन बसला. डायरेक्टर 'कट' म्हणाला, तरी जीप वळणाआड जाईपर्यंत मामांनी हात खाली घेतला नाही.

त्यानंतर एकच धोसरा. "ताई, आलं का गाणं?" खरं सांगते, मलाही त्या गाण्याची ओढ लागली होती. ते पाहून ती बाई एक फोन तरी करील, असं मला अगदी मनापासून वाटायचं.

गाणं आलं तेव्हा मामा माझ्या पार्लरच्या पायरीवर बसले होते. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यात दुपार कुठेच नव्हती. विरहाला ऊन शोभत नाही म्हणून डायरेक्टरने कॉम्प्युटरवर सगळ्याची काळीनिळी रात्र करून टाकली होती. जीपचे लाल दिवे तेवढे दिसत होते.

"ब्राइटनेस वाढवा, ताई."

"फुल्ल आहे, मामा."

त्यांनी मोबाईल डोळ्यांपाशी नेला. "दारात कुणी दिसतंय का?"

"नाही हो, मामा."

माझं डोकंच फिरलं. डायरेक्टरला चांगलं सुनावावं म्हणून मी फोन मागितला, तर त्यांनी दिला नाही. "ऱ्हाऊ द्या. त्याचं बी बरोबर हाय. लोकांना असंच आवडतं," म्हणाले. त्यानंतर ते शूटला आलेच नाहीत. गावी गेले असं कुणीतरी सांगितलं. त्यांच्याशिवाय सेटवर करमायचं नाही मला.

या उन्हाळ्यात एका गाण्यासाठी आम्ही त्याच रस्त्याने निघालो होतो. कॅमेऱ्याची गाडी पुढे गेलेली, मागच्या जीपमध्ये मी आणि ड्रायव्हर. मामांचं गाव लागलं तसं मी विचारत विचारत त्यांच्या घरासमोर जीप थांबवायला सांगितली. आवाज ऐकून मामा दारात आले. फार वाळले होते. बाहेर रणरणतं ऊन आणि जीपमध्ये सावली, त्यामुळे आत कोण आहे ते त्यांना दिसत नव्हतं. मी पर्स सावरली, हातातल्या बांगड्या वाजल्या.

"आलीस?" मामा म्हणाले.

मला ते कायम 'ताई, तुमी' म्हणायचे. मला जीपचं दार उघडवेना.