दादाच्या बुलेटचा हातातला गिअर

दादाची बुलेट सैन्याच्या लिलावातली. तो भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेस चालवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी गोडदेवच्या आमच्या तळमजल्याच्या घरासमोर, गटार आणि खिडकी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत, गाडीचं रूप पालटत बसायचा. उंच हँडल लावलं, सीट खाली घेतली. ते हँडल बघून आईला म्हशीची शिंगं आठवायची. मला ती गाडी घरातली सगळ्यांत आगाऊ वस्तू वाटायची. तिच्यापायी माझी कपडे वाळत घालायची दोरी हलवावी लागली होती.

मग कारखान्यात पत्र्याचा गठ्ठा दादाच्या उजव्या गुडघ्यावर पडला. हाड जुळलं, नस जुळली नाही. गुडघ्याखाली त्याला काही कळेनासं झालं. चिमटा काढा, टाचणी टोचा, काही नाही. पाय दिसायला धडधाकट होता, फक्त त्याचा दादाशी संबंध उरला नव्हता. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत, कारण आठवावं असं काही घडलंच नाही. दादा खाटेवर भिंतीकडे तोंड करून असायचा. आई रविवारी विहारात जाऊन यायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. मी कामावर जायचे, यायचे, जेवायचे. घरात कोणी रडलं नाही, कोणी भांडलं नाही. शेजारीपाजारी म्हणायचे, किती धीराने घेतलंय यांनी. धीर कसला, डोंबल. आम्ही तिघंही बधिर झालो होतो. एरवी माझ्या नाकावर राग असतो, पण तेव्हा मला त्या शेजाऱ्यांचाही राग आला नाही.

त्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी, त्यामुळे विषयच मिटला होता. गाडी प्लास्टिकच्या कागदाखाली उभी होती.

एके दिवशी दादाचा उत्तनचा मित्र आला. तो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. पायाची चौकशी न करता तो सरळ कागद काढून गाडीपाशी उकिडवा बसला. बऱ्याच वेळाने आत येऊन दादाला म्हणाला, "पाय न्हाय तर न्हाय. हात हाय ना? गिअर वर घेऊ, टाकीपाशी."

"कशाला?" दादा भिंतीशीच बोलला.

"चालवायला. अजून कशाला?"

दादा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्या दिवसांत त्याचा होकार असाच असायचा.

मित्र सवड मिळेल तसा यायला लागला. त्याने एक सळई वाकवून गिअरला जोडली आणि टाकीच्या उजव्या बाजूने वर आणली. डाव्या हाताने क्लच दाबायचा, उजवा हात क्षणभर सोडून दांडा ओढायचा. दादा आधी खिडकीतून नुसता बघायचा. मग एकदा आतून म्हणाला, "नट उलटा लावतोयस." त्यानंतर स्टूल बाहेर गेलं आणि स्टुलावर दादा. पाय ठेवायचे दांडे इंजिनाच्या पुढे नेले. उजवा पाय उचलायला नको, लांब करून ठेवला की झालं, आणि दिसायलाही झोकात. टाच घसरू नये म्हणून मागे पट्टी जोडली. सगळं त्या पायाचा विचार करून केलं. मी पाने-पकडी हातात द्यायचं काम करत होते आणि काळे हात घेऊन कामावर जात होते.

आईने मला एकदाच विचारलं, "पडला म्हणजे?"

"आई, आत्ता तो कुठे उभा आहे?" मी म्हटलं. गाडी चालली नाही तर दादा परत खाटेवर जाईल आणि मग उठणार नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

दादाच्या कारखान्यात रीत होती, दुरुस्त झालेलं मशीन पहिल्यांदा चालवायचं ते चपला काढून. दादाने गाडीलाही तोच मान दिला. खाली वाकून उजव्या पायातली चप्पल हाताने सोडवली आणि अनवाणी बसला. मित्राने छातीवर क्रूस काढला, आईने हात जोडले. मला तर बरं वाटलं, जुना दादा दिसला म्हणून. मित्राने किक मारून दिली आणि आपली स्कूटर घेऊन मागे निघाला.

हायवेने घोडबंदरपर्यंत जाऊन दोघं परत आले. मित्राच्या खांद्यावर हात टाकून दादा आत आला. केस पिंजारलेले, तोंड लाल. आईने पाणी दिलं. मला काहीतरी करपल्याचा वास आला म्हणून मी गॅस बघायला गेले. गॅस बंद होता. बाहेर आले तर आई दादाच्या उजव्या पायाकडे बघत उभी होती.

घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी पांढरी पडून सुटली होती. इंजिनातून निघणारा धुराचा बेंड पाइप पाय ठेवायच्या त्या नव्या दांड्याला लागूनच खाली येत होता. गाडी सुरू असताना तो तव्यासारखा तापतो. दादाचा उघडा पाय सबंध रस्ताभर त्याला टेकलेला होता.

"माझ्या ध्यानातच न्हाय आलं," म्हणत मित्र पायाशी उकिडवा बसला.

आई रडायला लागली. अपघातापासूनचं सगळं तेव्हा बाहेर पडलं. रडत रडत ती तांब्याने पायावर पाणी ओतत होती. मला इतक्या महिन्यांनी राग आला, भयंकर आला, आणि काढायचा कोणावर ते कळेना, म्हणून दादावरच ओरडले. "अरे, पायात कळत नाही हे माहीत आहे ना तुला? मग मध्येच खाली बघायचं नाही? लक्ष कुठे होतं तुझं?"

दादा त्या सोललेल्या पायाकडे बघत होता आणि हसत होता.

"आठवलंच नाही गं," तो म्हणाला. "घोडबंदरपर्यंत जाऊन आलो, पण मला असा पाय आहे, हे एकदासुद्धा आठवलं नाही."