नागद्वारची चढण

इंग्रजी अमलात उन्हाळ्यात सगळं सरकार दप्तरांसकट पचमढीला जायचं. आमचे हेही कारकून म्हणून जात आणि परतल्यावर तिथल्या गारव्याचं कौतुक सांगत. मी ते डोंगर पाहिले ते श्रावणात, भर पावसात, सासूबाईंबरोबर. नागपंचमीला नागद्वारच्या गुहेत नारळ वाहायचा त्यांचा नवस होता. यांना रजा मिळाली नाही, म्हणून सीताबर्डीतल्या शेजाऱ्यांच्या सोबतीनं आम्ही दोघीच निघालो.

मला मनातून जायचं नव्हतं. माझी दोन बाळंतपणं वाया गेली होती. नवस कशाचा ते सासूबाईंनी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. नातवासाठीच असणार, असं धरून चालले होते.

वाट म्हणजे नुसते दगड, त्यांवर शेवाळ आणि वरून वाहणारं पाणी. भिजलेलं लुगडं मांड्यांना चिकटायचं, पाऊल उचलायलाही जोर लागायचा. चढ संपला की उतार, उतार संपला की ओढा. पहिल्यांदा सगळे देवाचं नाव घेत होते. पुढे पुढे नुसते श्वास ऐकू यायला लागले.

एक ओढा ओलांडल्यावर सासूबाईंचा गुडघा साफ गेला. बाजूच्या कपारीखाली त्या बसल्या आणि पिशवीतला नारळ माझ्यापुढे धरला.

"माह्याच्यानं नाही होत आता. तू जाऊन ये वं."

मी इतकी थकले होते की बोलण्यावर ताबा राहिला नाही. "नवस तुमचा आहे, आत्याबाई. लेकरू तुम्हाले पाहिजे. मी काहून जाऊ?"

 त्या पदर पिळत म्हणाल्या, "लेकरू कोणी मांगितलं? मागच्या खेपेले तू तापात पडून होती. डॉक्टर मान हलवून राहिला होता. तू वाचली पाहिजे, एवढंच मांगितलं मी."

 अंगात रडण्याइतकीही ताकद नव्हती. नारळ घेतला आणि बाकीच्यांच्या मागे चालू लागले. शेवटची चढण मी मुळं धरून, कुठे कुठे चक्क हातापायांवर चढले. गुहेत मिट्ट अंधार, पाठीमागे रेटारेटी. नारळ वाहिला, हात जोडले. मागायचं काही आठवलं नाही.

परत आले तेव्हा सासूबाई त्याच कपारीखाली गारठून बसल्या होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

उतरताना त्यांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता. त्या जड होत्या, वाट निसरडी होती, आणि प्रत्येक दगडाशी आम्ही थांबत होतो. मघाच्या बोलण्याबद्दल माफी मागायचं मी मनात जुळवत होते, पण त्या गुडघ्याच्या कळा सोसत ओठ आवळून चालल्या होत्या. ते राहूनच गेलं.

मला पुढे मूल झालं नाही. त्यावरून सासूबाईंनी घरात कधी शब्द काढला नाही, आणि पाहुण्यांपैकी कुणी काढला तर त्या उठून आत जात.

त्या खेपेला परतताना पिपरिया स्टेशनावर गाडीत जागा मिळाली ती दाराजवळ, ओल्या गाठोड्यांवर. सासूबाईंनी पाय लांब केले, मी त्यांच्या गुडघ्याला तेल लावायला घेतलं, आणि चोळता चोळताच मला झोप लागली.