एकोणीस दिवस, अकरा महिने

स्त्रीजातीचा आमच्या भाऊजींइतका मोठा कैवारी उभ्या मुंबईत झाला नाही, आणि त्या कैवाराचा ताप माझ्या अक्काइतका दुसऱ्या कुठल्याही स्त्रीला झाला नाही. भाऊजी म्हणजे अक्काचे यजमान. गिरगावातल्या एका वाडीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली वकिलीची बैठक, वर संसार. आईवडील गेल्यावर अक्काने मला शिकायला आपल्याकडे आणलं, आणि कॉलेजची सगळी वर्षं मी भाऊजींच्या पानाशेजारी पान मांडून जेवलो. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की पहिल्या चार ओळी मायेने लिहिल्या जातात आणि पाचवीपासून शाई कडू होऊ लागते. याला माझा इलाज नाही.

सुधारकांच्या सभेत उभे राहिले की भाऊजी "माझ्या भगिनींनो" अशी सुरुवात करत. सभेत भगिनी एकही नसे. समोर बसलेले सगळे पगडीवाले बांधव एकमेकांकडे पाहत, पण भाऊजींचा आवाज भरून आलेला असे. घरी आल्यावर जोडे काढता काढता तोच आवाज "अगं, पाणी" एवढंच म्हणे. स्त्रीच्या उन्नतीची जी जी कल्पना त्यांना सुचे तिचा पहिला प्रयोग अक्कावर होई. एकदा त्यांनी तिला पंधरा दिवस पायमोजे आणि विलायती बूट घालून घरात वावरायला लावलं. सोळाव्या दिवशी तिला चालवेना, तेव्हा भाऊजींनी आपल्या वहीत नोंद केली, "पादत्राणांनी विचारास गती येते, पायांस मात्र सवय हवी." एकदा मेजावर जेवायचा प्रयोग झाला. तो आठवडाभर चालला; आमचा स्वयंपाकी काम सोडून गेला आणि मेजावर खटल्यांचे कागद चढले. एकदा त्यांनी तिला इंग्रजी शिकवायला घेतलं. सहा महिन्यांत अक्का वर्तमानपत्र लावू लागली आणि एके दिवशी तिने एका शब्दाचा अर्थ विचारला. भाऊजींनी तो शब्द दोनदा पाहिला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिला आणि म्हणाले, "हा स्त्रियांच्या उपयोगाचा नाही." दुसऱ्या दिवसापासून अक्काच्या डोळ्यांवर ताण येतो म्हणून इंग्रजी बंद झालं. तिच्या डोळ्यांना काहीही झालं नव्हतं.

आणि हाच माणूस मला विषमज्वर झाला तेव्हा अकरा दिवस माझ्या उशाशी बसला होता. कपाळावरच्या ओल्या घड्या बदलत होता, आणि आजाऱ्याला काहीतरी वाचून दाखवावं असं कुणीसं सांगितल्यामुळे करारांचा कायदा कलमाकलमाने वाचून दाखवत होता. शुद्धीवर येताना माझ्या कानावर पहिलं पडलं ते "उभयपक्षी संमती असेल तर" हे वाक्य. असल्या माणसाचा धड राग राग करावा तरी कसा?

गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईत यायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. एका सभेत भाऊजींनी ठासून सांगितलं की आपल्या स्त्रियांनी उघड्या गाडीत पुढे बसून स्वतः घोडा हाकला पाहिजे. सभेचे उपाध्यक्ष म्हणजे एक वयस्क डॉक्टर. ते नुसतं म्हणाले, "वकीलसाहेब, आधी आपल्या घरी करून दाखवा." झालं. महिन्याच्या आत भाऊजींनी दोन चाकांची एक उघडी गाडी घेतली. पुढे दोघे आणि त्यांच्याकडे पाठ करून मागे दोघे बसायचे, अशा बांधणीची. शिकवायला लालबागचा बाबल कोचमन ठेवला. बाबलने घोड्यांच्या ट्रामवर वीस वर्षं काढली होती, आणि गाडीला जुंपायला त्याने जी घोडी आणून दिली तीही ट्रामवरून निवृत्त झालेली होती. घंटा वाजली की थांबायचं, हे तिच्या हाडात भिनलेलं. गिरगावात देवळं किती! जो जो भक्त घंटा वाजवी त्याच्या समोर आमची गाडी थांबे, आणि मूर्तिपूजेवर सभेत कोरडे ओढणारे आमचे भाऊजी प्रत्येक देवापुढे मिनिटभर मान खाली घालून बसून राहत. वाडीत बोलबाला झाला की वकीलसाहेबांना उशिरा का होईना, सुबुद्धी झाली.

पहिल्या दिवशी भाऊजींनी वही उघडून बाबलला विचारलं, "गाडी हाकायला शिकण्यास किती दिवस लागतात?"

"कोणाक दिस लागतत, कोणाक वर्सां," बाबल म्हणाला. "हाताक कळलां की झालां."

"हाताला काय कळणार? कळायचं ते बुद्धीला," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी वहीत लिहिलं: पुरुषास तीन महिने, स्त्रीस एक वर्ष. या विषयावर त्यांना एक निबंध लिहायचा होता आणि त्याचा निष्कर्ष असा आधीच तयार होता. आता फक्त शिकायचं उरलं होतं.

आधी पुरुषाने शिकायचं, मग स्त्रीने, असा क्रम ठरला. कुणी पाहू नये म्हणून आम्ही पहाटे निघत असू आणि परळ मागे टाकून वडाळ्याच्या मिठागरांकडे जात असू. तिथवर बाबल हाकी, मग लगामाची रास भाऊजींच्या हाती येई. अशील ऐन वेळी उलटेल या धाकाने वकील जसा त्याचा दंड धरून ठेवतो तशी ते रास धरत. घोडीचं नाव चंपी; भाऊजींनी ते बदलून अश्विनी केलं आणि ते तिला "अश्विनी, वामगती!" अशा आज्ञा देऊ लागले. त्यांनी विलायतेहून गाडी हाकण्यावरचं पुस्तक मागवलं होतं. मनगट किती वाकवावं याचं चित्र मांडीवर उघडं ठेवून ते बसत.  तिसऱ्या दिवशी बाबल म्हणाला, "रावसायब, ह्यां बुक घोडयेन वाचलेलां नाय. हात ढिलो सोडा." हात काही ढिला झाला नाही. तीन महिने झाले, सहा झाले. एकदा चाक मिठाच्या राशीत गेलं आणि मिठागराच्या माणसांनी भाऊजींना बाहेर काढलं तेव्हा ते नखशिखांत पांढरे झाले होते. सभेत उपाध्यक्ष दर महिन्याला विचारत, "काय, किती दिवस?" भाऊजी म्हणत, "पुढच्या महिन्यात." असे दहा महिने उलटले.

शेवटी उपाध्यक्षांचं तोंड बंद करण्यासाठी दिवाळीच्या सुटीत अक्काला शिकवायला घेतलं. ती नको म्हणत होती. दोन मुलं तान्ही असताना गेल्यापासून तिने कशालाच मोठ्याने हो किंवा नको म्हटलं नव्हतं, त्यामुळे तिचं नको कुणाला ऐकू गेलं नाही. पदर खोचून ती बाबलशेजारी बसली. तिने रास हातात घेतली ती ओलं कापड दोरीवर घालताना धरतात तशी, आणि हळूच म्हणाली, "चल गं चंपे." घोडी चालू लागली. मी आणि भाऊजी मागच्या बाजूला पाठमोरे बसलो होतो. मागे पळणारा सरळ रस्ता पाहून मला कळलं की मिठागरांकडे गाडी आज पहिल्यांदाच सरळ चालली आहे. भाऊजींनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी वही मिटली.

चार दिवसांत अक्का वळणं घेऊ लागली. आठव्या दिवशी उतारावर घोडी दुडकी धावली तेव्हा पुढून एक आवाज आला. मी दचकून मान वळवली. अक्का हसत होती. तिचं ते हसणं मी लहानपणी ऐकलं होतं आणि विसरून गेलो होतो. घरी येताना ती मला म्हणाली, "अरे, ती कान मागे टाकते ना, तेव्हा मला कळतं तिला काय म्हणायचंय ते. इतकं कुणाचंच मला कधी कळलं नव्हतं रे."

एका सकाळी शीव कोळीवाड्याकडून पाट्या घेऊन येणाऱ्या कोळणी वाटेत भेटल्या. त्यांनी कंबरेवर हात ठेवून सगळा प्रकार पाहिला. "अगो, बगा गो! बाय घोरा हाकतंय न् दादला मागं बसलाय!" एकीने अक्काला सरळच विचारलं, "बाय, माजी पाटी घेशील गो परलपावत?" अक्काने भाऊजींना विचारलं नाही. तिने घोडी थांबवली. कोळीण पाटीसकट माझ्या आणि भाऊजींच्या मध्ये येऊन बसली आणि परळ येईपर्यंत स्त्रीपुरुष समतेचे आमचे पुरस्कर्ते नाकाला उपरणं लावून पापलेटांशेजारी बसून राहिले. उतरताना ती भाऊजींना म्हणाली, "बायको गुनाची हाय तुजी, जप तिला." बाबलला इतकं हसू लोटलं की त्याने मुंडाशाचा शेव तोंडात कोंबला. एकोणिसाव्या दिवशी अक्काने वडाळ्यापासून गिरगावापर्यंत, बैलगाड्या आणि ट्रामच्या गर्दीतून, एकटीने गाडी आणली. बाबलने पूर्ण वेळ हाताची घडी घातली होती.

मग चौपाटीवर सभेला दाखवायचा दिवस ठरला. घरापासून चौपाटीपर्यंत आपण हाकायचं आणि तिथे सर्वांसमक्ष रास पत्नीच्या हाती द्यायची, असं भाऊजींनी ठरवलं. बाबल मागून म्हणाला, "रावसायब, बायसायबांकाच घेवंदेत." भाऊजींनी ऐकलं नाही. संध्याकाळची वेळ, वाटेतल्या देवळात आरती सुरू झाली, घंटा घणघणली आणि चंपी थांबली. वळून पाहिलं तर पुढे चौपाटीच्या तोंडाशी उपाध्यक्षांसह सारी सभा उभी दिसत होती. भाऊजींनी चाबूक उगारला. ट्रामवर आयुष्य काढलेल्या त्या गरीब घोडीला घंटा वाजत असताना कुणी मारलं नव्हतं. ती मागच्या पायांवर उभी राहिली, एक चाक देवळाच्या पायरीवर चढलं, बायका किंचाळत पळाल्या. गाडी कलंडणार इतक्यात शेजारी बसलेल्या अक्काने भाऊजींच्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या आणि रास घेतली. "चंपे, काही नाही गं, काही नाही," असं ती म्हणत राहिली. घोडी चारी पायांवर आली, थरथरली आणि चालू लागली. अक्काने गाडी चौपाटीवर सभेच्या पुढ्यात नेऊन उभी केली. टाळ्या पडल्या आणि त्या टाळ्यांत उपाध्यक्ष खणखणीत आवाजात म्हणाले, "वा वहिनी! वकीलसाहेबांना सुखरूप पोचवलंत!"

सगळे हसले. भाऊजीही हसले, सर्वांत जास्त वेळ हसले. मी गाडीतून उतरून त्यांच्या पाठीमागे उभा होतो. मला फक्त त्यांचे कान दिसत होते, लालबुंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बैठकीत बोलावलं आणि निबंध पुढे ठेवला. "तुझं अक्षर सुबक आहे. स्वच्छ नक्कल करून दे, छापायला द्यायचाय." मी वाचू लागलो. स्त्रीच्या हातून रास निसटली असता पतीने प्रसंगावधान राखून गाडी सावरली, असं त्यात होतं. पुढे निष्कर्ष होता: पुरुषास सारथ्य शिकण्यास एकोणीस दिवस पुरतात, स्त्रीस अकरा महिने लागतात, तथापि उदार पती लाभल्यास तीही शिकू शकते.

"भाऊजी, हे आकडे उलटे झालेत," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "अरे, खरे आकडे घातले तर लोक काय करतील? हसतील. आणि मग एक तरी नवरा बायकोला गाडीवर बसू देईल का? बायकांच्या भल्यासाठीच लिहिलंय ना शेवटी? तू सांग."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं, हेच वाईट होतं. माझी परीक्षा दोन महिन्यांवर आली होती, डोक्यावरचं छप्पर त्यांचं होतं, आणि उशाशी बसून काढलेले ते अकरा दिवस मी विसरलो नव्हतो. मी टाक उचलला. निम्मं लिहून झालं असेल, तोच अक्का चहा घेऊन आली आणि माझ्या खांद्यामागे उभी राहिली. ती वाचत होती. मला मान वर करता येईना. मग तिचं बोट कागदावर आलं.

"‘स्त्रियांना’वरचा अनुस्वार राहिलाय," ती म्हणाली. "छापून यायचंय ना? शुद्ध असू दे."

मी अनुस्वार दिला.

निबंध गाजला. भाऊजींना बाहेरगावची व्याख्यानं आली. तो वाचून तीन-चार घरांतल्या बायका खरंच गाडीवर पुढे बसल्या, असंही ऐकलं. आमच्या घरी मात्र हादऱ्यांनी अक्काची प्रकृती बिघडेल म्हणून घोडी आणि गाडी विकली गेली. निरोप घ्यायला बाबल जिन्यापाशी आला. "बायसायब," तो म्हणाला, "इतक्या वर्सांत म्हाका असो हात गावलो नाय." अक्का म्हणाली, "जिथे गेली असेल तिथे तिला जाऊन बघत जा हो." एवढंच. त्यानंतर त्या विषयावर तिच्या तोंडून शब्द निघाला नाही.

सहा-सात वर्षांनी तिने अंथरूण धरलं. तोवर मीही वकील झालो होतो आणि कोर्टातून रोज संध्याकाळी तिला बघायला जात होतो. भाऊजींनी व्याख्यानं सोडली होती. तिला भात कालवून भरवत, तिची वेणी घालत. ती वाकडी होई, तरी पुन्हा सोडून घालत. दिवस कलायला लागला की तिला दोन्ही हातांवर उचलून गॅलरीत आणत. त्यांचंही वय झालं होतं, दम लागायचा, पण मला हात लावू देत नसत. तिला खुर्चीत नीट बसवून, पायांवर शाल टाकून, तिचं औषध आणायला ते आत जात. मग आम्ही दोघंच असू. तेवढ्या वेळात मला त्या नकलेविषयी एक गोष्ट बोलायची असे आणि मी हवापाण्याचं बोलत राही.

ती माझ्याकडे बघून हसे आणि रोज एकच प्रश्न विचारी. आवाजात कडवटपणा नसे. धाकट्या भावाच्या कामाची चौकशी करावी तशी, सहज विचारी.

"आज कोणाची बाजू घेतलीस रे?"

मी अशिलाचं नाव सांगत असे.