लॉर्ड हार्क्लेची दाई

डॉर्कस टॉलीनं दोघांना एकाच वेळी अंगावर पाजलं. एक तिचा जर्विस आणि दुसरा आमचा धनी, लॉर्ड हार्क्ले. त्याची आई बाळंतपणातच गेली होती. पोरं एकत्र वाढली, पुढं फ्लँडर्सच्या लढाईवरही एकत्र गेली. तिथं लॉर्डच्या मांडीत गोळी घुसली, तेव्हा जर्विसनं त्याला चिखलातून पाठीवर वाहून आणलं.

परतल्यावर लॉर्ड चढतच गेला. इंग्लंडच्या गादीवर जर्मनीहून नवा राजा आला, तेव्हा याच्याइतकी घाई कुणीच केली नाही झुकायला. मग त्याचा डोळा मंत्रिपदावर गेला. जर्विस गवंड्याच्या हाताखाली चुना कालवायचा. एका हिवाळ्यात कामच मिळेना, लेकरं उपाशी. तोंडाला काजळी फासून त्यानं लॉर्डच्याच रानातलं हरीण मारलं आणि धरला गेला. त्या काळी तोंड काळं करून हरीण मारलं तर फाशीच होती. लॉर्डच्या एका शब्दानं सुटला असता.

डॉर्कस वाड्यावर आली. मी तेव्हा मुदपाकखान्यात होते, मीच तिला वर नेलं.

"सरकार, दूधभाऊ आहे तुमचा."

"म्हणूनच सोडवता येत नाही, दाई. हार्क्ले आपल्या माणसांना पाठीशी घालतो म्हणतील. लंडनला काय तोंड दाखवू?"

"पाठीवर आणलं होतं त्यानं तुम्हाला."

"विसरलो नाही. माझा निळा कोट घेऊन जा त्याला. लटकताना बरा दिसेल."

जर्विस निळ्या कोटात फासावर गेला. लॉर्ड मंत्री झाला आणि बरीच वर्षं मिरवला.

म्हातारपणी त्याला झटका आला. अंग लुळं पडलं, आठवण गेली. कुणाच्याच हातून खाईना, तेव्हा कारभाऱ्यानं डॉर्कसला बोलावलं. खीर मी करायचे, ती भरवायची.

"दाई, जर्विस कुठाय? मासे धरायला जायचंय आम्हाला."

"त्याला तुम्ही फासावर दिलंत, सरकार."

तो हमसून हमसून रडायचा. ती त्याची हनुवटी पुसायची, पुढचा चमचा भरायची. थोड्या वेळानं तो सगळं विसरायचा आणि पुन्हा विचारायचा. ती पुन्हा तेच सांगायची.

मला बघवेना. म्हटलं, "मावशी, बाजारात गेलाय म्हणून सांग की. त्याला काय कळतंय आता?"

"कळतंय की. रडतोय बघ."

शेवटी त्याची जीभ जड झाली. त्याला विचारता येईना. तेव्हा डॉर्कसनं त्याच्या कानाशी वाकून, न विचारताच सांगितलं.